विदा-संदेशवहन : संज्ञांची घडण

विदा-संदेशवहन : दोन वा अधिक यंत्रांमध्ये, विशेषतः संगणकांमध्ये, सांकेतिक रूपातील माहितीची विद्युतीय, रेडिओ अथवा प्रकाशीय मार्गाने होणारी देवघेव. अशा संगणकांच्या व त्यांना जोडणाऱ्या मार्गांच्या समुच्चयास संगणक-जाळे म्हणतात. या विषयातील बॉड, बिट, मोडेम, पॅकेट, प्रोटोकॉल, डेटाग्राम इ. संज्ञा संगणकाबरोबरच जन्मास आल्या असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाही. यांपैकी काही संज्ञा तारायंत्राच्या कचेऱ्यांतून आलेल्या आहेत, तर काही दूरध्वनी केंद्रांतून. आणि ज्या खरोखरच नव्या आहेत त्यांच्यामागेही दोन जुनेच प्रश्न उभे आहेत. महाग असलेला संदेशमार्ग अनेकांनी कसा वाटून घ्यावा, हा पहिला प्रश्न. संदेश बिनचूक पोहोचविण्याची जबाबदारी मार्गावर टाकावी की मार्गाच्या दोन टोकांना असणाऱ्या यंत्रांवर, हा दुसरा. या प्रश्नांची कोणी कोणती उत्तरे दिली हे पाहिल्यास संज्ञांचे अर्थ आपोआप उलगडतात. नुसत्या व्याख्या पाठ केल्यास मात्र बॉड व बिट यांतील भेददेखील ध्यानात राहत नाही.

तारायंत्राचा वारसा : फ्रान्समध्ये क्लोद शाप (१७६३–१८०५) यांनी उभारलेली पॅरिस–लील ही दृक् तारायंत्राची मार्गिका १७९४ मध्ये सुरू झाली. उंच मनोऱ्यांवरील लाकडी हातांच्या निरनिराळ्या स्थितींवरून चिन्हे ओळखली जात आणि प्रत्येक मनोरा मागच्या मनोऱ्याचे चिन्ह पाहून तेच पुढे दाखवीत असे. या पद्धतीत मजकुराच्या चिन्हांखेरीज संदेशाचा प्रारंभ, शेवट, चूक, विश्रांती यांची वेगळी चिन्हे ठरविलेली होती. शिवाय पुढच्या मनोऱ्याने आपले चिन्ह बरोबर उतरविले की नाही, हे मागच्या मनोऱ्यावरील कर्मचाऱ्याने पाहावयाचे असे. मजकूर वेगळा व मजकुरासंबंधीच्या सूचना वेगळ्या, ही विभागणी आणि टप्प्याटप्प्याने पोच घेण्याची रीत या दोन्ही गोष्टी विद्युत् तारेच्या आधीपासून चालत आलेल्या आहेत.

सॅम्युएल मोर्स यांच्या तारेवरून वॉशिंग्टनहून बॉल्टिमोरला १८४४ मध्ये संदेश गेला, त्यानंतर तारांचा विस्तार फार झपाट्याने झाला. तार टाकण्याचा खर्च मोठा असे, परंतु मोर्स संकेत हाताने पाठविणारा माणूस त्या तारेच्या क्षमतेचा अल्पांशच उपयोगात आणू शके. ही उधळपट्टी थांबविण्याचे निर्णायक काम फ्रेंच तारखात्यातील एमील बोदो (१८४५–१९०३) यांनी केले. प्राथमिक शिक्षणापलीकडे औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या शेतकरीपुत्राने १८७४ मध्ये आपल्या मुद्रक तारायंत्राचे एकस्व घेतले. त्यात प्रत्येक अक्षरासाठी समान लांबीचे पाच घटक योजलेले होते आणि प्रत्येक घटक दोहोंपैकी एका अवस्थेत असे. मोर्स संकेतात अक्षरागणिक लांबी बदलते. त्यामुळे एक अक्षर कोठे संपले हे कानाला कळते, यंत्राला सहजी कळत नाही. बोदो यांच्या संकेतात ती अडचण उरली नाही. पाच घटकांचे ३२ संयोग होतात. ते अक्षरे व अंक मिळून अपुरे पडतात, म्हणून अक्षरांकडून अंकांकडे वळविणारे एक खास चिन्ह त्यांना ठेवावे लागले.

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे त्यांचा फिरता वितरक. एका वर्तुळावर संपर्कपट्ट्यांचे गट बसविलेले असत आणि त्यांवरून फिरणारा ब्रश आळीपाळीने एकेका तारमास्तराला तार मिळवून देई. चार वा अधिक तारमास्तर एकाच तारेवरून, जणू प्रत्येकाची स्वतंत्र तार असावी त्याप्रमाणे, संदेश पाठवू शकत. ब्रशाचे मिनिटाला सुमारे १८० फेरे होत. म्हणजे प्रत्येकास सेकंदाला तीन अक्षरे पाठविण्याची संधी मिळे. दोन्ही टोकांचे वितरक एकाच लयीत फिरणे आवश्यक असे व पाच कळा दाबणाऱ्या तारमास्तरालाही यंत्राने दिलेल्या टिचकीबरोबर हात चालवावा लागे. या पद्धतीस पुढे कालविभाजन असे नाव मिळाले. तिचा दोषही तेव्हाच स्पष्ट झाला होता. एखाद्या तारमास्तराकडे पाठविण्यासारखे काही नसले, तरी त्याची पाळी येतच असे आणि ती फुकट जाई. हा दोष दूर होण्यास आणखी ९० वर्षे लागली.

न्यूझीलंडचे डॉनल्ड मरी (१८६५–१९४५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बोदो संकेतात फेरफार केले. वारंवार येणाऱ्या अक्षरांसाठी कागदी फितीवर कमीत कमी छिद्रे पडावीत अशी योजना त्यांनी केली. मुद्रकाचे डोके ओळीच्या प्रारंभी आणणे व कागद एक ओळ पुढे सरकविणे, या दोन क्रियांसाठी त्यांनी स्वतंत्र चिन्हे ठरविली. ही दोन्ही चिन्हे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्की या सात घटकी संकेतात तशीच उतरली. सरकणारे डोके असलेले मुद्रक आज बहुतेक ठिकाणी नाहीत, परंतु इलेक्ट्रॉनिक टपालाच्या शीर्षभागातील प्रत्येक ओळ अजूनही याच दोन चिन्हांनी संपते. अ‍ॅस्कीमधील ‘खोडा’ हे चिन्हही असेच आहे. त्याचे सातही घटक १ आहेत, कारण फितीवर एकदा पाडलेले छिद्र बुजविता येत नाही. चुकीच्या अक्षरावर उरलेली सर्व छिद्रे पाडणे हाच ते खोडण्याचा मार्ग होता.

बॉड, बिट व पट्टारुंदी : तारेवरील अवस्था एका सेकंदात जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते, हे सांगणाऱ्या एककास बोदो यांच्या स्मरणार्थ बॉड हे नाव आंतरराष्ट्रीय तार संघटनेच्या सल्लागार समितीने १९२०–३० या दशकात दिले. बॉड हे अवस्थांतराच्या वेगाचे एकक आहे, माहितीच्या वेगाचे नव्हे. दूरमुद्रकात एका अक्षरासोबत त्याचा प्रारंभ व शेवट दाखविणारे घटकही पाठवावे लागत. ११० बॉड गतीच्या यंत्रात प्रत्येक अक्षरास ११ घटक लागत व सेकंदाला १० अक्षरे छापली जात. त्यांतील ३ घटक मजकुराचे नसत.

माहितीचे मोजमाप कसे करावे, याचे उत्तर बेल प्रयोगशाळांतील क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांच्या १९४८ मधील प्रबंधात मिळाले. तत्पूर्वी त्याच संस्थेतील हॅरी नायक्विस्ट व राल्फ हार्टली यांनी १९२० नंतरच्या दशकात या प्रश्नाची पूर्वतयारी करून ठेविली होती. दोन सारख्याच संभाव्य पर्यायांतून एकाची निवड कळणे म्हणजे एक बिट माहिती मिळणे होय. द्विमान अंक या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून बिट हा शब्द जॉन टूकी यांनी सुचविला, असे शॅनन यांनी स्वतःच नमूद केले आहे. एखाद्या मार्गाने सेकंदाला जास्तीत जास्त किती बिटे बिनचूक नेता येतील, हे मार्गाची पट्टारुंदी (ज्यातून संदेश जाऊ शकतो तो कंप्रतांचा पल्ला) आणि संदेशशक्तीचे गोंगाटाच्या शक्तीशी असलेले गुणोत्तर यांवर अवलंबून असते, हे त्यांनी सिद्ध केले. साध्या दूरध्वनी मार्गाची पट्टारुंदी सुमारे ३,१०० हर्ट्‌झ धरली व संदेश गोंगाटाच्या हजारपट प्रबळ मानला, तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ३१,००० बिटे येते. पट्टारुंदी हा शब्द आज बिटांच्या वेगासाठी सर्रास वापरतात. तो शिथिल प्रयोग आहे. हर्ट्‌झ व बिटे यांच्यामध्ये गोंगाट उभा असतो आणि शॅनन यांच्या सिद्धांताचे सारे महत्त्व तेथेच आहे.

दूरध्वनीची तार मानवी आवाजासाठी असल्याने तीवरून संगणकातील स्पंद जसेच्या तसे धाडता येत नाहीत. श्राव्य कंप्रतेच्या तरंगावर त्यांचा संस्कार करणे (विरूपण) व दुसऱ्या टोकास ते पुन्हा वेगळे करणे, ही दोन्ही कामे करणाऱ्या साधनास त्या दोन क्रियांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडून मोडेम म्हणू लागले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सेज या हवाई संरक्षण यंत्रणेसाठी १९५० नंतरच्या दशकात अशी साधने मोठ्या संख्येने बनविण्यात आली. १९६२ मधील बेल १०३ या मोडेमात एका बाजूच्या ० व १ साठी १,०७० व १,२७० हर्ट्‌झ आणि दुसऱ्या बाजूच्या ० व १ साठी २,०२५ व २,२२५ हर्ट्‌झ अशा कंप्रता होत्या, म्हणून एकाच तारेवर दोन्ही बाजूंना एकाच वेळी ‘बोलता’ येई. त्याचा वेग ३०० बॉड व सेकंदाला ३०० बिटे असा एकच आकडा होता. बॉड म्हणजेच बिट हा गैरसमज बहुधा येथूनच पसरला असावा. पुढील मोडेमांनी प्रत्येक अवस्थेत अनेक बिटे भरली. १९८४ च्या व्ही. ३२ या मानकात अवस्थांतराचा वेग २,४०० बॉड व माहितीचा वेग ९,६०० बिटे, म्हणजे त्याच्या चौपट, आहे. १९९६ च्या सुमारास साध्या मोडेमांची गती ३३,६०० बिटांवर पोहोचली व तेथेच थांबली. त्यानंतरची ५६,००० बिटांची मोडेमे एका टोकाचे दूरध्वनी केंद्र आधीच अंकीय झाल्याचा लाभ घेत असत.

पॅकेट : दूरध्वनीत दोन माणसांचे बोलणे चालू असेतो त्यांच्यामध्ये एक सलग विद्युत् मंडल राखून ठेवलेले असते. माणसे जवळजवळ सतत बोलतात, म्हणून हे परवडते. संगणकाची रीत वेगळी आहे. दूरच्या अग्रापाशी बसलेला मनुष्य एक ओळ टंकतो, विचार करतो, उत्तर वाचतो. या सर्व वेळात राखलेले मंडल रिकामे असते. तारायंत्रात दुसरी एक रीत रुळलेली होती. मोठ्या कचेरीत आलेला संदेश छिद्रित फितीवर उतरवून घ्यावयाचा, फीत फाडून पुढील मार्गाच्या यंत्रापाशी न्यावयाची व तो मार्ग मोकळा झाला की ती त्यात घालावयाची. ‘साठवा व पुढे पाठवा’ या रीतीत मार्ग रिकामा राहत नाही, परंतु एका लांबलचक संदेशामागे दहा छोटे संदेश अडकून पडतात.

या दोहोंतून वाट काढणारी कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमधील पॉल बॅरन (१९२६–२०११) यांच्यापुढे प्रश्न होता अणुयुद्धात निम्मी केंद्रे नष्ट झाली तरी लष्करी संदेशवहन चालू कसे ठेवावे, हा. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालमालेत त्यांनी मध्यवर्ती केंद्र नसलेले जाळे सुचविले. संदेशाचे ठराविक आकाराचे तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकड्याने त्या त्या क्षणी मोकळ्या असलेल्या वाटेने जावयाचे, अशी त्यांची योजना होती. दूरध्वनी कंपनीच्या अभियंत्यांना ती पटली नाही. सलग मंडल हाच ज्यांच्या धंद्याचा पाया होता, त्यांना ती पटणे अवघडच होते. इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉनल्ड डेव्हिस (१९२४–२०००) यांना हीच कल्पना १९६५ मध्ये सुचली. त्यांच्यासमोर युद्ध नव्हते, तर अनेकांनी एकाच वेळी वापरावयाच्या संगणकांना जोडण्याचा व्यावहारिक प्रश्न होता. १९६६ मधील आपल्या व्याख्यानानंतर त्यांना बॅरन यांच्या कामाची माहिती मिळाली. दोघांनी निवडलेला तुकड्याचा आकार १,०२४ बिटे, एकच निघाला.

मात्र नाव डेव्हिस यांचेच टिकले. बॅरन यांचा ‘संदेशखंड’ मागे पडला आणि पॅकेट हा शब्द रूढ झाला. लहान पुडके या अर्थाचा हा शब्द इतर भाषांतही सहज नेता यावा, म्हणून त्यांनी एका भाषाशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला होता. परिभाषा घडविताना परभाषिकांचा विचार करणारे अभियंते विरळाच. मराठीत त्यास पुडके म्हणावयास काहीच हरकत नव्हती. वाण्याच्या पुडक्याप्रमाणे यातही थोडा माल व त्यावर बांधणीचा दोरा असतो. आत मजकुराचा तुकडा आणि वर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक व चूक ओळखण्यासाठी काढलेली एक संख्या अशी त्याची रचना असते. तथापि पॅकेट हाच शब्द येथे रुळला असल्याने तोच स्वीकारणे इष्ट.

लहान तुकड्यांचा लाभ हिशेबाने स्पष्ट होतो. सेकंदाला ५०,००० बिटे नेणाऱ्या मार्गावरून १० लक्ष बिटांचा संदेश जाण्यास २० सेकंद लागतात व तेवढा वेळ इतर सर्व खोळंबतात. तोच संदेश १,०२४ बिटांच्या पॅकेटांत विभागला, तर प्रत्येक पॅकेटास सुमारे २० मिलिसेकंद पुरतात आणि दोन पॅकेटांच्या मध्ये दुसऱ्याचे एक ओळीचे उत्तर निघून जाऊ शकते. बोदो यांच्या वितरकातील फुकट जाणारी पाळी येथे नाहीशी झाली. ज्याच्यापाशी पाठविण्यासारखे असेल त्यालाच मार्ग मिळतो.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील प्रगत संशोधन प्रकल्प संस्थेचे आर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये उभे राहिले. ते अणुयुद्धात टिकावे म्हणून बांधले गेले, ही वारंवार सांगितली जाणारी कथा म्हणजे बॅरन यांचा हेतू आर्पानेटला चिकटविण्याचा प्रकार आहे. संशोधन संस्थांतील महागडे संगणक परस्परांना वापरता यावेत, हा त्याचा घोषित उद्देश होता. १९६७ च्या ऑक्टोबरात गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या परिसंवादात त्याचे नियोजक लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांना डेव्हिस यांच्या गटातील रॉजर स्कॅन्टलबरी यांच्याकडून ब्रिटिश कामाची माहिती मिळाली. मार्गांचा वेग वाढवून सेकंदाला ५०,००० बिटे ठेवण्याचा निर्णय त्यानंतरचा आहे. या शोधाच्या श्रेयाबद्दल पुढे वाद झाला. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६२ च्या प्रबंधात संदेशांच्या रांगांचे गणित मांडले होते व जाळ्याच्या विश्लेषणास ते फार उपयोगी पडले. परंतु संदेशाचे पॅकेटांत तुकडे करण्याची कल्पना बॅरन व डेव्हिस यांचीच मानणे न्याय्य ठरते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी क्लाइनरॉक यांच्या लॉस अँजेल्स येथील प्रयोगशाळेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे प्रवेशाचा आदेश पाठविण्यात येत असता पहिली दोनच अक्षरे पोहोचली व पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने जोडणी यशस्वी झाली.

प्रोटोकॉल : पपायरसाच्या गुंडाळीस प्रथम चिकटविलेले पान, असा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ. त्यावर लेखाची ओळख लिहिलेली असे. पुढे करारांचा मूळ मसुदा व राजनैतिक शिष्टाचार या अर्थांनी तो यूरोपीय भाषांत वावरला. दोन यंत्रांनी संवाद कसा सुरू करावा, कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यावी, चूक झाल्यास काय करावे, यांविषयीच्या नियमसंचासाठी तो डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेतील १९६७ च्या एका टिपणात योजला गेला. शब्द राजदूतांकडून घेतला असला, तरी आशय शाप यांच्या मनोऱ्यांइतका जुना आहे. एका प्रोटोकॉलवर दुसरा रचण्याची, म्हणजे थरांची, कल्पना आर्पानेटमध्ये हळूहळू आकारास आली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये सात थरांचा ओएसआय हा आदर्श प्रसिद्ध केला; पाठ्यपुस्तकांत तो अजून शिकविला जातो, जाळे मात्र त्याप्रमाणे बांधले गेले नाही.

डेटाग्राम की आभासी मंडल : पॅकेटांची कल्पना मान्य झाल्यावर दुसरा मोठा प्रश्न पुढे आला. आर्पानेटमधील मार्गसंगणक पॅकेटे योग्य क्रमाने व न गाळता पोहोचविण्याची हमी घेत. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी १९७२ नंतर सिक्लाद हे जाळे उभारताना ही हमी काढून टाकली. प्रत्येक पॅकेट पोस्टकार्डाप्रमाणे स्वतंत्र. त्यावर पूर्ण पत्ता असावयाचा, जाळ्याने ते जमेल तसे पुढे न्यावयाचे. ते हरवले, मागेपुढे झाले वा दोनदा आले, तर निस्तरण्याचे काम टोकांच्या संगणकांचे. अशा पॅकेटास डेटाग्राम हे नाव मिळाले. डेटा व टेलिग्राम यांच्या संयोगातून ते बनले आहे. जाळ्याने कितीही हमी दिली, तरी शेवटचा पडताळा टोकाच्या संगणकालाच घ्यावा लागतो, मग मधल्या यंत्रांवर तोच भार दुसऱ्यांदा का घालावा, असा पूझँ यांचा युक्तिवाद होता.

यूरोपातील टपाल व तार प्रशासनांना हे मान्य नव्हते. त्यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने स्वीकारलेल्या एक्स. २५ या मानकात पॅकेटे होती, परंतु ती एका आभासी मंडलातून जात. प्रथम मार्ग प्रस्थापित करावयाचा, त्यावरून पॅकेटे क्रमाने पाठवावयाची, शेवटी तो मोडावयाचा. हा दूरध्वनीचाच व्यवहार नव्या वेषात होता आणि ज्यांना ग्राहकाकडून जोडणीचा आकार घ्यावयाचा व सेवेची जबाबदारी स्वीकारावयाची, त्यांना तो सोयीचा होता. एक्स. २५ ला केवळ सरकारी हटवादाचे फळ समजणे योग्य नव्हे. त्या वेळच्या गोंगाटी तारांवर प्रत्येक टप्प्याशी चूक दुरुस्त करणे खरोखरच किफायतशीर ठरे, आणि या मानकावरील जाळी पुढील दोन दशके बँका व विमान कंपन्यांची कामे नीट करीत राहिली. सिक्लादचे अनुदान मात्र १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आटले.

पूझँ यांची कल्पना अमेरिकेत वाढली. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांच्यापुढे तारांचे, रेडिओचे व उपग्रहाचे अशी भिन्न स्वभावांची जाळी एकमेकांस जोडण्याचा प्रश्न होता. कोणत्या जाळ्यात पॅकेट हरवेल याचा नेम नसल्याने हमीची अपेक्षा जाळ्याकडून करणेच अशक्य होते. १९७४ च्या त्यांच्या प्रबंधात हे काम टोकांवर सोपविलेले आहे. सिक्लादमधील जेरार ल लान हे त्यापूर्वी सर्फ यांच्या गटात काम करून गेले होते. १९७८ मध्ये या प्रोटोकॉलचे दोन भाग करण्यात आले. आयपी हा भाग पत्ता पाहून पॅकेट पुढे नेतो, एवढेच. टीसीपी हा भाग टोकांच्या संगणकांत राहून क्रम लावतो, पोच देतो व हरवलेले पुन्हा मागवितो. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने आपला जुना प्रोटोकॉल सोडून या जोडीचा स्वीकार केला. जाळ्यांचे जाळे या अर्थाचा इंटरनेट हा शब्द १९७४ च्या डिसेंबरातील तपशीलपत्रातच आलेला होता. आयपीच्या पत्त्यास ३२ बिटे ठेवल्याने सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य झाले. त्या वेळी ते अमर्याद वाटले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. १२८ बिटांच्या पत्त्याची आवृत्ती तयार असूनही जुनी अद्याप चालू आहे.

कोंडी : टोकांवर जबाबदारी टाकण्याची किंमत काय असू शकते, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांच्यामध्ये जेमतेम ४०० यार्डांचे अंतर; त्यांच्यामधील मार्गाचा उपयुक्त वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. मधल्या मार्गसंगणकांपाशी रांगा लांबल्या, पोच येण्यास उशीर होऊ लागला, टोकांच्या संगणकांनी पॅकेट हरवले असे समजून तेच पुन्हा पाठविले व रांगा आणखी लांबल्या. प्रत्येक संगणक नियमानुसारच वागत होता आणि मार्ग एकाच पॅकेटाच्या प्रतींनी भरून गेला होता. त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपायात मधल्या यंत्रांना हात लावला नाही. पाठविणाऱ्याने आरंभ एका पॅकेटाने करावा, पोच येईल तसे प्रमाण वाढवावे आणि पॅकेट हरवल्याचे दिसताच हात आखडता घ्यावा, एवढेच नियम टीसीपीत घालण्यात आले. हरवलेले पॅकेट ही तोवर केवळ चूक समजली जाई. आता ती पुढे गर्दी असल्याची खूण ठरली. हे नियम न पाळणाऱ्याला अडविणारे जाळ्यात कोणी नसते. एकमेकांस न ओळखणाऱ्या असंख्य संगणकांनी आपण होऊन वेग कमी करावा, यावर ही व्यवस्था उभी आहे, आणि कोंडीवरील नियंत्रण हा म्हणूनच अजूनही संशोधनाचा जिवंत विषय आहे.

ईथरनेट : एकाच इमारतीतील संगणक जोडण्यासाठी वेगळी वाट निघाली. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरील अग्रे रेडिओने जोडली. पाळी ठरविणारा कोणी नव्हता. मनात येईल तेव्हा पाठवावे, दोन पॅकेटांची टक्कर झाल्यास यादृच्छिक काळ थांबून पुन्हा पाठवावे, असा नियम होता. अशा मोकळिकीत मार्गाच्या क्षमतेपैकी अधिकात अधिक १८ टक्केच वापर होऊ शकतो, हे गणिताने सिद्ध झाले. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये समाक्ष तारेवर हाच नियम सुधारून वापरला. बोलण्यापूर्वी ऐकावे व टक्कर जाणवताच थांबावे, ही त्यातील भर. सर्वत्र भरून राहिलेल्या ज्या ईथराची कल्पना एकोणिसाव्या शतकातील भौतिकीविज्ञांनी केली होती, त्यावरून या जाळ्यास ईथरनेट नाव मिळाले. आज प्रत्येक संगणकास स्वतंत्र तारेने खटकापेटीशी जोडतात, त्यामुळे टकरी होतच नाहीत. भौतिकीतील ईथराप्रमाणे या जाळ्यातील ईथरही गेला आहे आणि नाव राहिले आहे.

भारत : भारतातील तारायंत्राची पहिली मार्गिका १८५१ मध्ये कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामध्ये सुरू झाली. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या जहाजाने मुंबई ते एडन सागरी तार टाकली व मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. संगणक-जाळ्यांचा प्रारंभ १९८६ मधील एर्नेट या शैक्षणिक व संशोधन जाळ्याने झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच भारतीय तंत्रविद्या संस्था त्यात सहभागी होत्या. केंद्राच्या जुहू येथील कार्यालयातून एर्नेटचे परदेशांशी टपाल चाले. कोणता प्रोटोकॉल टिकेल हे तेव्हा ठरलेले नव्हते, म्हणून एर्नेटच्या भाड्याने घेतलेल्या तारांवर टीसीपी/आयपी व ओएसआय हे दोन्ही सांभाळण्यात आले. १९९५ पर्यंत जवळजवळ सर्व वाहतूक पहिल्यावर आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली. घरोघरच्या दूरध्वनीस जोडलेली मोडेमे हेच प्रारंभी तिचे साधन होते. १९९७ मध्ये फ्लॅग ही प्रकाशीय तंतूंची सागरी केबल मुंबईत आली. १८७० च्या तारेप्रमाणे तीही सुएझच्या वाटेने इंग्लंडला पोहोचते. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद करण्यात आली.